सहावी ब बोलतेय

मिनिटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसनं ठेवलेलं नाव. ठेवणाऱ्यांनी थट्टेनं ठेवलं, पण मिनिटरावांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. शहर बससेवेच्या मुख्य कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते बसगाड्यांची वेळापत्रकं करायचे. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येईल, हे ते ठरवायचे. ती खरोखर तेव्हा यायची की नाही, हा प्रश्न दुसऱ्या मजल्याचा होता आणि मिनिटराव दुसऱ्या मजल्यावर कधी जात नसत.

अशा माणसाच्या घरी मंगळवारी संध्याकाळी शाळेचं पत्रक आलं. शुक्रवारी शिक्षकांचं प्रशिक्षण असल्यामुळे शहरातल्या सगळ्या शाळा बंद राहतील, असं त्यात होतं. धाकटीनं ते पत्रक आईला दिलं, आईनं वाचून बाजूला ठेवलं आणि कुणी काही बोललं नाही.

"शुक्रवारी सुट्टी, आणि कुणीच काही म्हणत नाही?" मिनिटरावांनी विचारलं.

"काय म्हणायचं?" बायको म्हणाली. ती दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करायची, त्यामुळे थोडक्यात आणि स्पष्ट बोलायची तिला सवय होती. "तीन वेळा तुम्ही सुट्टीचं कबूल केलंत आणि तीन वेळा ऑफिसात गेलात. मुलींनी आता विचारायचंच सोडलंय."

हे मिनिटरावांना लागलं. बस तीन वेळा रद्द झाली तर माणसं त्या थांब्यावर उभी राहायचीच बंद होतात, हा त्यांच्या खात्यातला जुना अनुभव होता. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "शुक्रवारी मी रजा घेतोय. पूर्ण दिवस मुलींचा. आणि उगाच भटकायचं नाही, रीतसर कार्यक्रम आखायचा."

बायकोनं एक उसासा सोडला. तो आनंदाचा होता की पुढच्याची कल्पना आल्यामुळे होता, हे मिनिटरावांनी विचारलं नाही.

बुधवारी ही बातमी इमारतीत पसरली. कशी पसरली म्हणाल तर मिनिटरावांनीच जिन्यात तीनदा सांगितली. समोरच्या दारातले निवृत्त हेडमास्तर लगेच बाहेर आले. "सुट्टी म्हणजे रिकामा वेळ नव्हे," ते म्हणाले. "पानं गोळा करायला लावा. वीस जातींची पानं, वहीत चिकटवून, खाली नावं. मुलांची नजर तयार होते." एवढ्यावर न थांबता त्यांनी पानं दाबून ठेवायला एक जाडजूड शब्दकोशही आणून दिला. तो दोन हातांनी धरावा लागायचा.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत वेगळं होतं. "पानं कसली गोळा करताय? बोटीत बसवा. माझ्या भाच्याची मुलं बोटीत बसली आणि त्यानंतर त्यांचं गणित सुधारलं." बोटीचा आणि गणिताचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण काकू तोवर खाली भाजीवाल्याशी बोलायला लागल्या होत्या. मिनिटरावांनी दोन्ही सूचना टिपून घेतल्या आणि स्वतःच्या मनानं त्यात वस्तुसंग्रहालयाची भर घातली, कारण ज्या दिवसात वस्तुसंग्रहालय नाही तो दिवस मुलांसाठी आहे असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

"मुलींना विचारलंत का?" बायकोनं विचारलं.

मिनिटरावांनी विचारलं. धाकटी सहा वर्षांची होती. ती म्हणाली, "मला दवाखान्याच्या लिफ्टनं वर-खाली करायचंय. दहा वेळा." मिनिटरावांनी तिच्या नावापुढे 'सूचना नाही' असं लिहिलं. थोरली अकरा वर्षांची, सहावीत. ती म्हणाली, "काहीही चालेल."

थोरलीचं हे नेहमीचंच. घरात बडबड करायची, पण परकं माणूस दिसलं की तिचं तोंड कुलूप लावल्यासारखं बंद. पाहुण्यांनी नाव विचारलं तर आईकडे बघायची. प्रगतिपुस्तकात बाईंनी दोन वर्षं एकच वाक्य लिहिलं होतं: 'मुलगी हुशार आहे, पण आवाज ऐकू येत नाही.' मिनिटरावांना याची काळजी वाटे, आणि त्या काळजीवर त्यांनी आजवर एकच उपाय केला होता. रात्रीच्या जेवणानंतर ते तिला आपले बसमार्गांचे कच्चे तक्ते दाखवत. ती ते मन लावून बघायची. बोलायची नाही, पण बघायची.

गुरुवारी ऑफिसात मिनिटरावांनी शुक्रवारचं वेळापत्रक टाइप केलं. तीन प्रती काढल्या. ज्याला तीन प्रती नाहीत तो कागद नव्हे, नुसता विचार आहे, असं त्यांचं मत होतं. एक प्रत घरच्या कपाटाच्या दारावर, एक खिशात, एक फाइलला. खाली सही, सहीवर शिक्का. शिक्का मारायची गरज नव्हती, पण हात सवयीनं गेला. त्याच दुपारी, दुसऱ्या दिवशी रजा म्हणून, टेबलावरची आणखी चार कामंही त्यांनी हातासरशी उरकली आणि सगळे कागद शिपायाच्या ट्रेमध्ये टाकून ते समाधानानं घरी आले.

शुक्रवारी नऊला चार मिनिटं कमी असताना चौघं थांब्यावर हजर होते. मिनिटरावांच्या खांद्यावर पिशवी होती. तिच्यात चार डबे, चार बाटल्या, छत्री, औषधाची पेटी आणि हेडमास्तरांचा शब्दकोश. थांब्यावर मात्र तोबा गर्दी होती. शाळेला सुट्टी म्हटल्यावर अर्ध्या शहरानं रजा टाकली होती. नऊ वाजून चार मिनिटांनी, म्हणजे अगदी मिनिटरावांनी लिहिलेल्या क्षणी, बस आली. मिनिटरावांची छाती फुगली. बस खचाखच भरलेली होती. ती थांबली नाही. छाती पुन्हा जागेवर आली.

"आठ-पन्नासची गाडी गेल्या महिन्यात बंद केलीय ना, म्हणून हे हाल," रांगेतली एक बाई म्हणाली.

"कोण हा दीडशहाणा वेळापत्रक करतो कुणास ठाऊक!" एक चष्मेवाले गृहस्थ कडाडले. "एकदा समोर येऊ दे."

"माझे बाबा करतात!" धाकटी उंच आवाजात म्हणाली. तिला बाबांचा केवढा अभिमान! तिनं बोटानं दाखवलंसुद्धा. "हे. हे माझे बाबा. सगळ्या बस हेच करतात."

सगळी रांग वळली. आठ-पन्नासची फेरी मिनिटरावांनीच कापली होती. सरासरी प्रवासी चार पूर्णांक तीन, असा त्यांच्याकडे आकडा होता. तो त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. "चार पूर्णांक तीन?" चष्मेवाले म्हणाले. "मग मी त्या पूर्णांकात की त्या तीनात?" पुढच्या बसमध्ये सगळ्यांनी अगदी आदरानं त्यांना दारातल्या पायरीवर जागा करून दिली.

बागेत ते तेहतीस मिनिटं उशिरा पोहोचले. पोहोचले आणि पहिल्या झाडाखाली वहीही उघडली, तेवढ्यात माळी आला. पानं तोडायला मनाई आहे, अशी पाटी त्यानं दाखवली.

"तोडत नाही आहोत. पडलेली उचलतोय," मिनिटराव म्हणाले.

"पडलेलं पान झाडलं जाईपर्यंत बागेचं असतं," माळी म्हणाला.

"आणि झाडल्यावर?"

"झाडल्यावर खताचं. खत खात्याचं."

नियमाचा माणूस नियमापुढे नमतो. मिनिटरावांना हा माळी मनातून आवडलासुद्धा. परवानगी कोण देतं, असं त्यांनी विचारलं. उद्यान अधीक्षक. ते कुठे आहेत? आज रजेवर, मुलांना घेऊन फिरायला गेलेत. थोरलीनं हातातलं एकुलतं एक पान जिथून उचललं होतं तिथेच, त्याच बाजूनं वर करून ठेवलं. माळ्यानं मान डोलावली. हेडमास्तरांचा शब्दकोश रिकामाच राहिला, आणि तसाच जड.

तलावाच्या काठी, नौकाविहाराच्या खिडकीवर, फॉर्म होता. चार जणांची पायडल बोट, एकूण वजनाची मर्यादा दोनशे दहा किलो, प्रत्येकाचं वजन लिहिणं बंधनकारक. बायकोनं आपलं वजन कागदाच्या कपट्यावर लिहून, चार घड्या घालून आत सरकवलं. खिडकीतल्या माणसानं चारही घड्या उलगडल्या आणि तो आकडा मागे रांगेत ऐकू जाईल अशा बेतानं वाचला.

"सामानासकट तीन किलो जास्त होतात," तो म्हणाला.

"पिशवी काठावर ठेवतो."

"ठेवता येणार नाही. बेवारस वस्तू धरली जाईल."

मिनिटरावांनी विचार केला. डबे भरलेले होते आणि बाटल्याही. जेवण एक वाजून पाच मिनिटांनी होतं आणि आता सव्वाअकरा वाजले होते. तत्त्वाला मुरड घालायची वेळ आयुष्यात क्वचित येते. ती आली होती. "जेवून घ्या," त्यांनी जाहीर केलं, "पाणीही पिऊन टाका." रांग सोडायची नाही म्हणून चौघांनी उभ्या उभ्या डबे संपवले, एकेक पाऊल पुढे सरकत. मिनिटरावांनी शेवटची अख्खी बाटली एका दमात रिकामी केली आणि विजयी मुद्रेनं पिशवी खिडकीत दाखवली.

"बाबा," धाकटी म्हणाली, "पण ते सगळं आता आपल्या पोटात आहे."

खिडकीतल्या माणसानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "हिला मोठेपणी आमच्या खात्यात पाठवा."

शेवटी बायको पिशवीसह काठावर थांबली. बाकावर बसून तिनं चप्पल काढली, डोळे मिटले आणि आजच्या कार्यक्रमातला हा भाग आपल्याला मनापासून आवडल्याचं सांगितलं.

बोटीत पुढच्या दोन जागांवर मिनिटराव आणि थोरली, मागे धाकटी. पायडल मारायला सुरुवात झाली. मिनिटरावांचा पाय जड, थोरलीचा हलका, त्यामुळे बोट गोल फिरायला लागली. मिनिटरावांनी तिला जोर वाढवायला सांगितलं आणि स्वतःही वाढवला, तेव्हा ती जास्त वेगानं गोल फिरायला लागली. बाजूच्या बोटीतल्या मुलांना वाटलं, ही काही खास सोय आहे. ती 'आम्हालाही गोल फिरायचंय' म्हणून आईबापांकडे हट्ट धरून बसली. अशा गिरक्या घेत घेत बोट पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात जाऊन रुतली.

"बोट नंबर सात!" काठावरून भोंग्यातून आवाज आला. "बोट नंबर सात, तुमची वेळ संपलीय!"

वीस वर्षांच्या नोकरीत मिनिटरावांना असं कुणी सुनावलं नव्हतं. त्यांनी दुसरा विचार केला नाही. बोटीतून उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि बोट ढकलली. बोट निघाली. मिनिटरावही निघाले, पण त्यांचा उजवा बूट निघाला नाही. तो चिखलानं ठेवून घेतला. भोंगा पुन्हा ओरडला, "बोट नंबर सात, पाण्यात उतरायला मनाई आहे!"

एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा आणि मांडीपर्यंत ओली विजार, अशा थाटात मिनिटराव सहकुटुंब तलावाच्या बसथांब्यावर आले. दीड वाजला होता. वस्तुसंग्रहालय दोनला होतं, आणि त्यांनी अजून आशा सोडली नव्हती. पण थांब्यावर माणसांचा पूर लोटला होता. तलावावर आलेलं सगळं शहर एकदम घरी निघालं होतं. पोरं रडत होती, म्हातारी माणसं कठड्यावर टेकली होती, आणि गेला पाऊण तास एकही बस आली नव्हती. एक बस समोरच्या वळणावर बंद पडून उभी होती, दुसरी तिच्या मागे अडकली होती.

"बाबा, मला जायचंय," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांनाच जायचंय गं. बस येईल."

"तसं नाही. मला *जायचंय*." एक बाटली पाणी तीही प्यायली होती.

तलावामागे सात मिनिटांच्या अंतरावर डेपो होता. रजेच्या दिवशी, एका बुटानिशी, आपल्याच डेपोत पाऊल टाकायचं म्हणजे मिनिटरावांना जिवावर आलं होतं. पण निकड अशी होती की अब्रूचा विचार करायला सवड नव्हती.

धाकटी आणि आई आत गेल्या. मिनिटराव थोरलीचा हात धरून कंट्रोलरच्या खोलीच्या दारात उभे राहिले. खोलीत तीन टेलिफोन होते आणि तिन्ही वाजत होते. कंट्रोलर हा भला, जाडजूड माणूस. सकाळपासून ओरडून त्याचा घसा असा बसला होता की फुग्यातून हवा सुटावी तसा नुसता सूं सूं आवाज येत होता. मिनिटरावांना पाहताच त्यानं तिन्ही फोन उचलून लगेच खाली ठेवले आणि भिंतीवरच्या सूचना फलकाकडे बोट दाखवलं.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "हे तुमचं पत्रक कालच्या टपालात आलं. सही आहे, शिक्का आहे, म्हणून लावलं. पण ड्रायव्हर लोक सकाळपासून दोनदा येऊन गेले."

फलकावर लिहिलं होतं: '९.०४ प्रस्थान. ९.३० ते १०.२० पाने गोळा करणे. १०.३५ नौकाविहार. १.०५ जेवण, भाज्या वेगळ्या काढू नयेत. २.०० वस्तुसंग्रहालय, प्रत्येकी किमान तीन प्रश्न विचारावेत. कुरकुर करू नये.'

"युनियनचं म्हणणं असं," कंट्रोलर म्हणाला, "की पानं गोळा करणं आमच्या कामात बसत नाही. नौकाविहाराला त्यांची हरकत नाही."

मिनिटरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कार्यक्रमाची एक प्रत चुकून इथे आली होती. ते काही बोलणार एवढ्यात फोन पुन्हा वाजला. तलावाच्या थांब्यावर गर्दी रस्त्यावर उतरलीय, एक आजीबाई चक्कर येऊन पडता पडता वाचल्या, काहीतरी करा. कंट्रोलरनं कपाळाला हात लावला. "कुठून आणू गाड्या? शहरातल्या सगळ्या गाड्या मार्गावर आहेत. राखीव दोन होत्या, दोन्ही त्या वळणावर अडकल्यात."

मिनिटराव भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. हा तक्ता त्यांच्याच हातचा. आडव्या रांगा मार्गांच्या, उभ्या वेळांच्या, आणि प्रत्येक गाडीची एक रंगीत खुंटी. त्यांनी निळ्या खुंट्या पाहिल्या, पिवळ्या पाहिल्या, हिरव्या पाहिल्या. एकही मोकळी नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपला तक्ता बघून काही सुचेना.

"बाबा," थोरली हळूच म्हणाली. तिनं त्यांची ओली बाही ओढली. "या लाल खुंट्या म्हणजे शाळेच्या बस ना?"

"हो. त्यांना हात लावायचा नाही. लाल रांग फक्त शाळेची. मीच तसा नियम केलाय."

"पण बाबा, आज शाळेला सुट्टी आहे."

खोलीत फोन वाजत होते, पण मिनिटरावांना ते ऐकू येईनात. शाळेला सुट्टी म्हणून त्यांनी रजा घेतली होती. शाळेला सुट्टी म्हणून ते वल्ह्याविना तलाव फिरून आले होते. आणि शाळेच्या सहा गाड्या, सहा ड्रायव्हर, सकाळपासून सहा कुलूपबंद शाळांसमोर उभे होते! त्यांनी विजारीच्या खिशात हात घातला. आजचा कार्यक्रम पाठ असल्यामुळे हा कागद त्यांनी सकाळपासून उघडलाच नव्हता. तो आता उघडला. ओला होता, पण वाचता येत होता. 'शुक्रवारी शाळा विशेष फेऱ्या रद्द. गाड्या गर्दीच्या मार्गांवर वळवाव्यात.' जो कागद डेपोत यायचा तो खिशात, आणि जो खिशात राहायचा तो फलकावर!

ते झेपावले ते थेट वायरलेसच्या माइककडे. कंट्रोलरनं त्यांचा हात धरला.

"साहेब, तुम्ही रजेवर आहात. रजेवरच्या माणसानं यंत्राला हात लावायचा नाही. परिपत्रक क्रमांक सत्तर."

परिपत्रक क्रमांक सत्तर मिनिटरावांनीच लिहिलं होतं.

"मग तू बोल!"

कंट्रोलरनं तोंड उघडलं. सूं सूं झालं. त्याचा आवाज आता पुरता गेला होता. दोघांनी एकदमच खाली पाहिलं. थोरली तक्त्यासमोर उभी होती.

मिनिटराव तिच्यासमोर एका गुडघ्यावर बसले. "तुला बोलायचं नसेल तर राहू दे," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाहेर दोन हजार माणसं खोळंबली होती, पण ही जी मुलगी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाजायची, तिला या क्षणी धक्का द्यायची त्यांची हिंमत होईना.

थोरलीनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून थांब्याची गर्दी दिसत होती. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला, बटण दाबलं आणि म्हणाली, "हॅलो."

खरखर झाली. मग एक राकट आवाज आला, "कोण बोलतंय?"

थोरलीनं माइक तोंडाजवळ आणला. नाव सांगायची तिला सवय नव्हती. शाळेत कुणी मोठ्या माणसानं विचारलं की ती जे सांगायची तेच तिनं सांगितलं.

"सहावी ब. सहावी ब बोलतेय."

राकट आवाज म्हणाला, "काय?"

"काका, तुम्ही शाळेच्या दारात उभे आहात का?"

"हो बाळा, सकाळपासून. दाराला कुलूप आहे. पण तीन-वीसला मुलं सुटतात असं लिहिलंय, म्हणून थांबलोय."

"आज मुलं सुटणार नाहीत. ती इथे तलावावर आहेत. तुम्ही इकडे या."

"ऑर्डर कुणाची?"

थोरलीनं मागे पाहिलं. कंट्रोलरनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "कंट्रोलर काकांची," ती म्हणाली. "त्यांचा आवाज बसलाय. आणि टेकडीच्या रस्त्यानं येऊ नका, तिथं पाइपसाठी खणून ठेवलंय. मी रोज बघते. गिरणीमागून या."

"बरोबर आहे रे," दुसराच कुणी आवाज मध्ये पडला. "टेकडी बंद आहे. सहावी ब, मी कन्याशाळेपाशी आहे. मीही येऊ का?"

"तुम्ही किती नंबर? थांबा हं." तिनं तक्त्यावर बोट फिरवलं. "लाल चार. तुम्ही बाजारावरून या, तिथं उभे असलेलेही घ्या."

तिसरा आला, चौथा आला. प्रत्येक जण 'सहावी ब' म्हणूनच हाक मारत होता आणि प्रत्येक हाकेसरशी थोरलीचा आवाज अर्ध्या सुरानं चढत होता. पाचव्या ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही तेव्हा ती चक्क ओरडली, "लाल पाच! गाडी सुरू करा, किती वेळ!" मिनिटरावांनी भिंतीला टेकून दम घेतला. धाकटी तोवर परत आली होती. ती स्टुलावर चढून ताई सांगेल तशी लाल खुंटी उचलून पुढच्या भोकात खोचत होती, आणि बायको दारात उभी राहून थोरलीकडे अशी बघत होती की जणू ही मुलगी कुणाची हे तिला नव्यानं विचारायचं होतं.

पहिली गाडी चौदा मिनिटांत आली, असं कंट्रोलरनं नंतर नोंदवहीत लिहिलं. मिनिटरावांना ते सांगता आलं नसतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं.

सहा गाड्यांनी चार-चार खेपा केल्या आणि थांबा मोकळा झाला. कंट्रोलर बोलू शकत नव्हता. त्यानं थोरलीला कडक सलाम ठोकला. मग त्या सगळ्यांना एका रिकाम्या बसमध्ये बसवून, गाड्या धुण्याच्या यंत्रातून, त्या प्रचंड फिरत्या ब्रशांमधून, आरपार नेलं. मुलींनी असं किंचाळून घेतलं की शेवटी तीनदा न्यावं लागलं. तिसऱ्या वेळी सगळ्यात मोठ्यानं थोरली किंचाळली. वस्तुसंग्रहालय राहिलं. त्याची आठवण कुणी काढली नाही, मिनिटरावांनीही नाही.

सोमवारी त्यांच्या टेबलावर मेमो आला. तो यायचाच होता. कुठल्या अधिकारात शाळेच्या सहा गाड्या वळवल्या, यंत्रावर कोण बोललं, आणि डेपोच्या फलकावर 'भाज्या वेगळ्या काढू नयेत' असा आदेश कुणी काढला, याचा खुलासा मागवला होता. मिनिटरावांनी तो त्याच दिवशी दिला, चार पानी. काहीही लपवलं नाही. कागद चुकला, चूक माझी, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. मोठ्या साहेबांनी पंधरा दिवस विचार केला आणि लेखी ताकीद दिली. ताकीदपत्र तीन परिच्छेदांचं होतं. पहिल्यात मिनिटरावांचा हलगर्जीपणा होता, तिसऱ्यात पुन्हा असं झाल्यास होणारे परिणाम. मधल्या परिच्छेदात एवढंच होतं: 'तथापि, सदर कर्मचाऱ्याची कन्या, इयत्ता सहावी, तुकडी ब, हिने परिस्थिती तत्काळ ओळखून ड्रायव्हरांना स्पष्ट व ऐकू जाईल अशा आवाजात सूचना दिल्याने सुमारे दोन हजार प्रवाशांची सोय झाली, ही बाब नोंदीस घेण्यात येत आहे.'

मिनिटरावांनी ते उभ्यानं दोनदा वाचलं. मग ते जिना उतरून तळमजल्यावर अभिलेख कक्षात गेले आणि म्हणाले, "या पत्राची एक प्रमाणित प्रत हवी."

अभिलेख कक्षातले कारकून निवृत्तीला आलेले होते. त्यांनी चष्मा वर करून पत्र वाचलं, मग मिनिटरावांकडे पाहिलं. "ही ताकीद आहे."

"माहीत आहे."

"सदतीस वर्षांत माझ्याकडे बढतीच्या प्रती मागायला लोक आले. ताकदीची... ताकिदीची प्रत मागायला तुम्हीच पहिले." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "इथे लिहा. प्रत कोणासाठी?"

मिनिटरावांनी लिहिलं: 'थोरल्या मुलीसाठी.'

"अहो, ताकीद तुम्हाला मिळाली. प्रत मुलीला कशाला?"

"ताकीद माझीच आहे हो," मिनिटराव म्हणाले, आणि वीस वर्षांत त्या कक्षात कुणी उभं राहिलं नसेल इतके ताठ उभे राहिले. "दुसरा परिच्छेद तिचा आहे."